सापेक्षतेची मराठी वाट : बनारसच्या वर्गापासून हिंगोलीच्या माळापर्यंत

सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ निसर्गाचे नियम गणितात मांडतो आणि त्या नियमांतून अजून कोणी न पाहिलेले काही निघते का, हे तपासतो. मोजमाप घेणे हे त्याचे काम नव्हे. ते प्रयोगशाळेतल्या आणि वेधशाळेतल्या लोकांचे. न्यूटनने १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात गुरुत्वाकर्षणाचा नियम सांगितला. त्या नियमाने केलेल्या आकडेमोडीवरून १८४६ साली नेपच्यूनची जागा आधी कागदावर ठरली आणि मग तो ग्रह दुर्बिणीतून दिसला. मॅक्सवेलने १८६५ साली वीज आणि चुंबकत्व एकाच समीकरणमालेत बसवले. त्यातून निघालेल्या विद्युतचुंबकीय लहरी हर्ट्‌झने १८८७-८८ साली प्रत्यक्ष निर्माण केल्या, तेव्हा मॅक्सवेलला जाऊन आठ वर्षे उलटली होती. डिरॅकने १९२८ साली इलेक्ट्रॉनचे समीकरण लिहिले आणि त्यातून सुचलेला इलेक्ट्रॉनचा धनभारित जोडीदार, म्हणजे पॉझिट्रॉन, १९३२ सालीच अँडरसनला विश्वकिरणांत सापडला. कागद आणि पुरावा यांच्यातले अंतर असे कधी चार वर्षांचे असते, कधी वीस-बावीस, तर कधी तब्बल शतकाचे.

शतकाचे अंतर पडले ते आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांतातल्या एका भाकिताच्या बाबतीत. नेमक्या याच सिद्धांतावर मराठी माणसांनी तीन-चार पिढ्या सलग काम केले आहे. त्यांतली कोणी कोल्हापूरची, कोणी शिरपूरची, कोणी गडहिंग्लजची. काम मात्र बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांत झाले. या कामाचे पुढचे मोठे यंत्र आता उभे राहायचे आहे ते वाशीमला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात.

न्यूटनच्या मते दोन वस्तू एकमेकींना दुरून ओढतात. ही ओढ मधल्या पोकळीतून कशी पोहोचते, हे त्याने सांगितले नव्हते. आइन्स्टाइनने २५ नोव्हेंबर १९१५ रोजी मांडलेल्या समीकरणांनी ओढ हा शब्दच बाजूला ठेवला. वस्तुमान आणि ऊर्जा यांच्यामुळे भोवतालचे अवकाश आणि काळ वाकतात, आणि त्या वाकलेल्या अवकाश-कालात ग्रह, धूमकेतू, प्रकाशकिरण हे सगळे शक्य तितक्या सरळ वाटेने जातात, असे हा सिद्धांत सांगतो. बुधाची कक्षा शतकाला ४३ विकला इतकी जादा का सरकते, या जुन्या कोड्याचे उत्तर त्यातून लगेच मिळाले. २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात एडिंग्टन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश वळतो, हे छायाचित्रांवरून दाखवले, आणि आइन्स्टाइन जगभर प्रसिद्ध झाला.

त्यानंतर मात्र हा विषय भौतिकशास्त्राच्या मुख्य प्रवाहातून बाजूला पडला. पुढची तीन-चार दशके तरुण शास्त्रज्ञ पुंजयांत्रिकी आणि अणुकेंद्र यांच्या मागे धावले. सापेक्षतेची समीकरणे अवघड होती. एकमेकांत गुंतलेली अशी दहा समीकरणे, आणि पडताळून पाहण्याजोग्या गोष्टी फारच थोड्या. त्यांची अचूक उकल काढणे हेच एक शास्त्र होऊन बसले. पहिली उकल कार्ल श्वार्ट्‌झशिल्ड याने १९१५ च्या अखेरीस, पहिल्या महायुद्धात सैन्यात असताना काढली. एकाच गोल, स्थिर वस्तूभोवतीचा अवकाश-काल कसा असेल, याचे ते वर्णन होते. कृष्णविवराची कल्पना पुढे याच उकलीतून उभी राहिली. अशा आडवळणाच्या काळात ज्यांनी हा विषय धरून ठेवला, त्यांत एक कोल्हापूरकर होते.

विष्णू वासुदेव नारळीकर यांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ रोजी कोल्हापुरात झाला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले आणि १९३० साली तिथली गणिताची ट्रायपॉस परीक्षा विशेष गुणवत्तेने उत्तीर्ण झाले. रॅले पारितोषिक त्यांना मिळाले, एडिंग्टनसारख्या शास्त्रज्ञाचा सहवास मिळाला. तिथेच राहून पुढे जाता आले असते. पण पंडित मदनमोहन मालवीयांनी त्यांना बनारस हिंदू विद्यापीठात बोलावले, आणि १९३२ साली, विशीतच, ते तिथे गणित विभागाचे प्रमुख झाले. पुढची जवळजवळ अठ्ठावीस वर्षे त्यांनी बनारसमध्ये काढली.

भारतातल्या सापेक्षता संशोधनाची पहिली भक्कम शाळा ती हीच. मोठी प्रयोगशाळा नाही, पैसा नाही; फळा, खडू आणि परदेशी नियतकालिकांचे उशिरा येणारे अंक एवढ्यावर ती चालली. प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे गुजराती तरुण १९४२ साली नारळीकरांकडे शिकायला बनारसला आले. श्वार्ट्‌झशिल्डच्या उकलीतला तारा काळा असतो, तो प्रकाश बाहेर टाकत नाही. खरे तारे तर सतत प्रकाश टाकून वस्तुमान गमावत असतात. अशा ताऱ्याभोवतीचा अवकाश-काल कसा असेल, हा प्रश्न वैद्यांनी सोडवला आणि १९४३ साली ती उकल ‘करंट सायन्स’मध्ये छापून आली. वीसेक वर्षे तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९६३ साली क्वेसार नावाच्या प्रचंड तेजस्वी वस्तूंचा शोध लागला, प्रबळ गुरुत्वाकर्षणाचा प्रश्न खगोलशास्त्रज्ञांच्या टेबलावर आला, आणि ‘वैद्य उकल’ पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली.

बनारसच्या याच वर्तुळातले के. आर. कर्मरकर यांचे नाव मराठी वाचकांना जवळपास अपरिचित आहे. वाकलेला चार मितींचा अवकाश-काल एक मिती वाढवून पाच मितींच्या सपाट अवकाशात बसवता येण्यासाठी कोणती अट पुरी व्हावी लागते, हे त्यांनी १९४८ साली गोल सममितीच्या उकलींसाठी दाखवले. हा शुद्ध भूमितीचा प्रश्न होता आणि सत्तर वर्षे तो तसाच राहिला. अलीकडच्या दहाएक वर्षांत न्यूट्रॉन ताऱ्यांसारख्या अतिघन ताऱ्यांची प्रतिमाने तयार करणाऱ्यांना तीच अट हाताशी आली, आणि आज जगभरच्या शोधनिबंधांत ‘कर्मरकर अट’ हे नाव नित्य दिसते. सैद्धांतिक कामाला भाव कधी येईल याचा काही नेम नसतो, याचे याहून चांगले उदाहरण मराठी मुलखात सापडणे कठीण.

बनारसच्या परंपरेचा आणखी एक परिणाम झाला. भारतात व्यापक सापेक्षता सिद्धांत भौतिकशास्त्रापेक्षा गणिताच्या विभागांत अधिक रुजला. विदर्भात हे आजही दिसते. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठातल्या आणि नागपूरच्या गणित विभागांत पीएच.डी.चे कितीतरी प्रबंध आइन्स्टाइनच्या समीकरणांवर झाले आहेत. त्यांतला मोठा भाग विश्वाच्या ‘बियांकी’ प्रतिमानांचा असतो. लुइजी बियांकी या इटालियन गणितज्ञाने १८९८ साली केलेल्या वर्गीकरणावर ही प्रतिमाने आधारलेली आहेत, आणि विश्व सर्व दिशांना सारखे पसरत नसेल तर काय होईल, हे ती तपासतात. या निबंधांपैकी अनेक एकाच साच्यातले असतात, हे खरे. द्रव्याचे एखादे गृहीतक बदलायचे आणि तीच समीकरणे पुन्हा सोडवायची. तरीही जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या महाविद्यालयातला प्राध्यापक वर्ग संपल्यावर विश्वाच्या प्रसरणाचे गणित मांडतो, ही गोष्ट मूळ धरून आहे ती बनारसच्या त्या शाळेमुळेच. विष्णुपंत स्वतः १९६० साली बनारस सोडून राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले आणि नंतर पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळक प्राध्यापक म्हणून आले. नरेश दधीच हे त्यांचे तिथले विद्यार्थी. १९९१ साली विष्णुपंतांचे निधन झाले.

याच काळात मुंबईत सिद्धांताची दुसरी शाखा उभी राहत होती. होमी भाभा यांना देश अणुकार्यक्रमाचे शिल्पकार म्हणून ओळखतो, पण त्यांची मूळ ओळख सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञाची. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवरून कसे विखुरतात, याचे त्यांनी १९३५ च्या सुमारास केंब्रिजमध्ये केलेले गणित ‘भाभा विकिरण’ या नावाने आजही कणत्वरकांच्या मोजमापात रोज वापरले जाते. १९३७ साली हाइटलरबरोबर त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. सुरुवात बंगळूरला, मग पेडर रोडवरच्या एका बंगल्यात, आणि १९६२ पासून कुलाब्याच्या टोकाला समुद्राकाठी. कणभौतिकीपासून स्ट्रिंग सिद्धांतापर्यंत या संस्थेने घडवलेल्या माणसांची यादी स्वतंत्र लेखाचा विषय आहे. सापेक्षतेच्या वाटेवर तिचे महत्त्व एवढे, की केंब्रिजहून परत आलेला एक मराठी शास्त्रज्ञ १९७२ साली तिथे रुजू झाला.

विष्णुपंतांचे पुत्र जयंत विष्णू नारळीकर मराठी वाचकाला ठाऊक आहेत ते विज्ञानकथाकार म्हणून, ज्योतिषाला आव्हान देणारे म्हणून, नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून. त्यांचे भौतिकशास्त्र या लोकप्रियतेमागे झाकून गेले आहे. त्यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला आणि बालपण बनारसच्या विद्यापीठ परिसरात गेले. एम.एस्सी.साठी घरी राहायला आलेले मामा मोरेश्वर हुजूरबाजार घरातल्या फळ्यावर भाच्यासाठी एखादे अवघड गणित लिहून ठेवत आणि ते सुटेपर्यंत पुसत नसत. बनारसची पदवी घेऊन १९५७ साली जयंत नारळीकर केंब्रिजला गेले, वडिलांप्रमाणेच रँग्लर झाले आणि फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली संशोधन करू लागले.

हॉइल हा त्या काळातला सर्वांत वादग्रस्त विश्वरचनाशास्त्रज्ञ. विश्व प्रसरण पावते, हे हबलने १९२९ साली दाखवले होते. प्रसरण मागे मागे नेले की सगळे विश्व एका क्षणी एका बिंदूत गोळा होते, असा त्याचा सरळ अर्थ निघतो. हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ साली तो नाकारला. आकाशगंगा दूर जातात तसतसे रिकाम्या जागेत अतिशय मंद गतीने नवे द्रव्य निर्माण होत राहते, त्यामुळे विश्वाची घनता कायम राहते आणि विश्वाला आरंभ नसतो, असा त्यांचा ‘स्थिर स्थिती’ सिद्धांत होता. प्रतिपक्षाच्या सिद्धांताला ‘बिग बँग’, म्हणजे महास्फोट, हे नाव हॉइलनेच १९४९ सालच्या एका नभोवाणी भाषणात दिले आणि तेच रूढ झाले.

नवे द्रव्य येते कुठून, हा या सिद्धांतावरचा सर्वांत टोकदार आक्षेप होता. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडतो, असे टीकाकार म्हणत. हॉइल आणि नारळीकर यांनी त्याला गणिती उत्तर दिले. त्यांनी ‘सी-क्षेत्र’ नावाचे ऋण ऊर्जेचे क्षेत्र गृहीत धरले. द्रव्य निर्माण होते तेव्हा त्या क्षेत्राची ऊर्जा तितकीच आणखी ऋण होते आणि हिशेब जुळतो. १९६१ साली मार्टिन राईल यांनी रेडिओ स्रोतांच्या मोजणीवरून स्थिर स्थिती सिद्धांत खोटा ठरल्याचे जाहीर केले, तेव्हा त्या मोजणीचा दुसरा अर्थ लावता येतो हे दाखवण्याच्या कामात तेवीस वर्षांचेही नसलेले नारळीकर गुरूबरोबर होते.

१९६४ साली दोघांनी गुरुत्वाकर्षणाचा स्वतःचा सिद्धांत मांडला. त्याचे मूळ एकोणिसाव्या शतकातल्या अर्न्स्ट माख यांच्या विचारात होते. धावती बस अचानक थांबली की प्रवासी पुढे झुकतो. हे जडत्व त्याच्या अंगचे, असे न्यूटन मानतो. माख यांना वाटे की ते विश्वातल्या बाकी सगळ्या द्रव्यामुळे आलेले असावे. आइन्स्टाइनला ही कल्पना प्रिय होती, पण त्याच्या समीकरणांत ती पुरती उतरली नाही. हॉइल-नारळीकर सिद्धांतात प्रत्येक कणाचे वस्तुमान हे इतर सर्व कणांच्या प्रभावाची बेरीज असते; विश्व रिकामे केले तर उरलेल्या एकट्या कणाला वस्तुमानच राहत नाही. सूर्यमालेपुरते पाहिले तर उत्तरे आइन्स्टाइनसारखीच येतात. हा सिद्धांत जगभर गाजला, भारतातल्या वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला, आणि १९६५ साली, सत्ताविसावे वर्ष पुरे होण्याआधीच, नारळीकरांना पद्मभूषण मिळाले.

त्याच वर्षी त्यांच्या विश्वरचनेला जबर धक्काही बसला. पेंझियस आणि विल्सन यांना अमेरिकेत सर्व दिशांनी सारखेच येणारे, सुमारे ३ केल्विन तापमानाचे सूक्ष्मतरंगी प्रारण सापडले. विश्व एकेकाळी अतितप्त होते, याची ती खूण बहुतेक शास्त्रज्ञांनी मानली. नारळीकर मात्र बधले नाहीत. १९९३ साली हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी ‘सदृश-स्थिर स्थिती’ प्रतिमान मांडले: विश्व अनादी आहे, पण ते आवर्तनांत फुगते आणि आकसते, द्रव्य छोट्या छोट्या स्फोटांत तयार होते, आणि ते प्रारण म्हणजे अवकाशातल्या लोहासारख्या धातूंच्या सूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा सोडलेला ताऱ्यांचा प्रकाश. कोबे उपग्रह आणि त्यानंतरच्या मोहिमांनी या प्रारणाचा बारीक नकाशा काढला, तेव्हा महास्फोटाच्या प्रतिमानाशी तो इतका जुळला की नारळीकरांचा पक्ष फारच अल्पमतात गेला. या हट्टाकडे दोन नजरांनी पाहता येते. पुरावा विरोधात जमत असताना तंतूंची सोय लावणे ओढूनताणून वाटते, आणि ते तसे आहेही. पण स्थिर स्थिती सिद्धांताचे एक जुने भाकीत होते: विश्वाचे प्रसरण मंदावणार नाही, वेग घेत जाईल. १९९८ साली दोन गटांनी दूरच्या अतिनवताऱ्यांवरून प्रसरण खरोखरच वेग घेत असल्याचे दाखवले आणि २०११ साली त्या शोधाला नोबेल मिळाले. कारण वेगळे निघाले, पण दिशा त्या हरलेल्या सिद्धांताने बरोबर सांगितली होती.

नारळीकरांचे सर्वांत टिकाऊ काम कदाचित समीकरणांबाहेरचे आहे. १९८८ साली पुणे विद्यापीठाच्या आवारात खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी यांचे आंतरविद्यापीठ केंद्र, म्हणजेच आयुका, सुरू झाले आणि नारळीकर त्याचे संस्थापक संचालक झाले. चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या इमारतीच्या मधल्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. लहान विद्यापीठांतल्या प्राध्यापकांना इथे येऊन काही आठवडे राहता यावे, ग्रंथालय आणि संगणक वापरता यावा, ही या केंद्राची मूळ कल्पना. बनारसमध्ये वैद्यांनी जे केले ते आता कोणालाही करता यावे, अशी ती सोय होती. नारळीकरांनंतर नरेश दधीच संचालक झाले. २० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकरांचे निधन झाले.

पुढच्या पिढीने प्रश्न बदलला. व्यापक सापेक्षता सिद्धांत मोठ्या वस्तूंना लागू पडतो, पुंजयांत्रिकी अणूंना. कृष्णविवराच्या गाभ्यात किंवा विश्वाच्या आरंभी दोन्ही एकदम लागू पडायला हवेत, आणि तिथे गणित मोडते. अनंत उत्तरे येऊ लागतात. कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ साली लिहिलेल्या समीकरणाचा आधार घेत रॉजर पेनरोज यांनी १९६५ साली दाखवले, की ही मोडतोड अपवादाने नव्हे तर अपरिहार्यपणे येते.

धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला १९४९ साली जन्मलेले अभय अष्टेकर यांनी या कोंडीवर वेगळ्या बाजूने घाव घातला. १९७४ साली शिकागो विद्यापीठातून पीएच.डी. घेतलेल्या अष्टेकरांनी १९८६ साली आइन्स्टाइनची समीकरणे नव्या चलराशींत लिहिली. सिद्धांत तोच, पण या रूपात तो निसर्गातल्या इतर बलांच्या सिद्धांतांसारखा दिसू लागला आणि त्या बलांसाठी तयार असलेली पुंजयांत्रिकीची हत्यारे गुरुत्वाकर्षणालाही लावता येतील, अशी वाट उघडली. कार्लो रोव्हेली आणि ली स्मोलिन यांच्यासह त्यातून ‘लूप क्वांटम ग्रॅव्हिटी’ हा मार्ग तयार झाला. त्यानुसार अवकाश अखंड नाही; क्षेत्रफळाचाही एक लहानात लहान तुकडा असतो. या सिद्धांताच्या आधारे अष्टेकर, पाव्हलोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांनी २००६ साली केलेल्या गणितात विश्वाच्या आरंभीचा अनंत घनतेचा बिंदू नाहीसा झाला. त्याच्या जागी उसळी आली: आधीचे आकसणारे विश्व एका मर्यादेपर्यंत दाबले जाते आणि पुन्हा पसरू लागते. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात काम केलेल्या अष्टेकरांना २०१८ साली अमेरिकन फिजिकल सोसायटीचे आइन्स्टाइन पारितोषिक मिळाले.

याच प्रश्नावरच्या दुसऱ्या, प्रतिस्पर्धी मार्गावरही एक मराठी नाव आहे. अतीश दाभोलकर यांचा जन्म १९६३ साली गडहिंग्लजला झाला, डॉ. नरेंद्र दाभोलकर हे त्यांचे काका. कानपूरच्या आय.आय.टी.त शिकून त्यांनी प्रिन्स्टनहून पीएच.डी. घेतली आणि काही वर्षे टाटा संस्थेत काम केले. स्ट्रिंग सिद्धांतात मूलकण हे बिंदू नसून कंप पावणारे अतिसूक्ष्म तंतू मानले जातात. कृष्णविवराला एन्ट्रॉपी, म्हणजे आतल्या संभाव्य अवस्थांच्या संख्येचे माप, असते, हे बेकेनस्टाइन आणि हॉकिंग यांनी १९७० च्या दशकात दाखवले. पण ती कोणत्या आंतरिक अवस्थांमुळे, याची अचूक मोजदाद हा दाभोलकरांचा विषय. समीर मूर्ती आणि डॉन झागिए यांच्यासह त्यांनी ही मोजदाद रामानुजनच्या ‘मॉक थीटा’ फलांशी जोडून दाखवली. मृत्यूच्या काही महिने आधी, जानेवारी १९२० मध्ये, हार्डीला लिहिलेल्या पत्रात रामानुजनने ही फले मांडली होती; कृष्णविवराशी त्यांचा संबंध असेल, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आले नसते. अब्दुस सलाम यांनी १९६४ साली इटलीत त्रिएस्ते इथे स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकशास्त्र केंद्राचे दाभोलकर २०१९ साली संचालक झाले. लूप आणि स्ट्रिंग या दोन पंथांत खडाजंगी बरीच झाली आहे. प्रयोगाचा निकाल मात्र दोघांपैकी कोणाच्याही बाजूने अजून लागलेला नाही.

जिथे निकाल लागला ती गोष्ट गुरुत्वीय लहरींची. वस्तुमान हलले की अवकाश-कालात लहरी उठाव्यात, असे आइन्स्टाइनने १९१६ साली सांगितले आणि १९३६ साली स्वतःच त्यावर काही काळ शंका घेतली. या लहरी इतक्या क्षीण असतात की त्या मोजणे अशक्यच मानले जाई. मोजण्यासाठी काय शोधायचे, हे आधी ठाऊक हवे. बंगळूरचे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० साली दाखवले की डिवचलेले कृष्णविवर ठरावीक स्वरात घुमते आणि शांत होते. बाला अय्यर यांनी फ्रेंच सहकाऱ्यांसह एकमेकांभोवती फिरत जवळ येणाऱ्या दोन ताऱ्यांच्या लहरींचा आकार बारकाईने काढला. आयुकातले संजीव धुरंधर यांनी बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह १९९१ साली पुढचा प्रश्न घेतला: उपकरणाच्या गोंगाटात बुडालेली ही खूण ओळखायची कशी? जत्रेच्या कोलाहलातही आईला आपल्या पोराची हाक ओळखू येते, कारण तो आवाज तिच्या कानात आधीच बसलेला असतो. तसेच संभाव्य लहरींचे हजारो नमुने आधी गणिताने तयार ठेवायचे आणि मोजणीची प्रत्येक ओळ त्या प्रत्येक नमुन्याशी ताडून पाहायची. किती नमुने लागतील, ते किती अंतराने ठेवावेत आणि त्यासाठी संगणक केवढा हवा, हे धुरंधरांनी ठरवून दाखवले. त्या वेळी भारतात कोणाकडे असे उपकरण नव्हते आणि परदेशातही ते अजून उभे राहायचे होते.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या उपकरणांत ती खूण उमटली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर, सूर्याच्या ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकत्र येऊन ६२ पटींचे एक झाले होते. मधली तीन सूर्यांइतकी ऊर्जा लहरींत निघून गेली. सगळी घटना एका सेकंदाच्या पाचव्या भागाची. उपकरणाच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजांत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासापेक्षा शेकडो पटींनी कमी होता. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी हा शोध जाहीर झाला आणि सहाच दिवसांनी, १७ फेब्रुवारीला, केंद्र सरकारने असेच उपकरण भारतात उभारण्यास तत्त्वतः मंजुरी दिली.

त्यासाठी निवडलेली जागा हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा इथे आहे. औंढा ज्योतिर्लिंगासाठी प्रसिद्ध. समुद्र दूर, मोठी शहरे आणि कारखाने दूर, आणि चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात बसतील एवढा माळ. समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर आपटल्याचा हादरा किंवा मालगाडीची धडधडही या उपकरणाला अडचणीची ठरते. हिंगोली भूकंपापासून अगदी मुक्त आहे असे नाही. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये या परिसराला मध्यम स्वरूपाचे धक्के बसले. पण उपकरणाला रोज त्रास देणारी कंपने असतात ती बारीक, सततची, आणि त्या दृष्टीने ही जागा चांगली. एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम मान्यता दिली आणि ११ मे २०२३ रोजी प्रकल्पाची पायाभरणी झाली. आयुका, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था यांचा त्यात मुख्य वाटा आहे.

विदर्भातून दक्षिणेला उतरत गेले की आधी वाशीम लागते, मग हिंगोली. वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराचार्यांनी लंकेपासून उज्जयिनीमार्गे मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेवरची जी गावे मोजली, त्यांत वत्सगुल्माचे नाव आहे. ग्रहगणितासाठी वेळ जिथून मोजायची ती ही रेषा. प्रत्यक्षात वाशीम उज्जैनच्या बरोबर खाली नाही, अंशभर पूर्वेला आहे. अचूक रेखांश काढण्याचे साधन तेव्हा नव्हते.

आजच्या सापेक्षतावाद्यांना हिंगोलीची गरज आहे ती आकाशातल्या जागा काढण्यासाठीच. एका उपकरणाला लहर कुठून आली ते कळत नाही. दोन-तीन उपकरणांत ती किती फरकाने पोहोचली, त्यावरून दिशा काढावी लागते. २०१५ ची घटना फक्त दोन उपकरणांनी टिपली, त्यामुळे ती आकाशाच्या सुमारे ६०० चौरस अंशांत कुठेतरी, एवढेच सांगता आले. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले तेव्हा इटलीतले व्हर्गो उपकरणही चालू होते. जागा २८ चौरस अंशांपर्यंत आवळता आली आणि दुर्बिणींनी त्याच दिवशी १३ कोटी प्रकाशवर्षांवरची ती दीर्घिका शोधून काढली. अमेरिकेतली दोन, इटलीतले एक आणि जपानमधले एक अशी उपकरणे उत्तर गोलार्धात पसरलेली आहेत. त्यांच्यापासून हजारो किलोमीटर दूर हिंगोलीत पाचवे आले, की आकाशातल्या घटनांची दिशा बऱ्याच अधिक नेमकेपणाने काढता येईल. पाचही उपकरणांच्या नोंदी एकत्र ताडून पाहण्याची गणिती रीत तयार आहे. ती बसवणाऱ्यांत धुरंधर आणि त्यांचे पुण्यातले विद्यार्थी होते, आणि हे काम त्यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस, पहिली लहर सापडण्याच्या पंधराएक वर्षे आधी सुरू केले होते.